ताईचा पायगुण

लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच घरांमध्ये लोक ओरडून बोलतात. आमच्या घराच्या भिंतीला लागून टिनाच्या शेडमध्ये पिठाची चक्की होती आणि ती माझी माय चालवायची. बाबा शेत बघायचे, माय चक्की बघायची. चक्की सुरू असली की ओरडल्याशिवाय ऐकू जात नसे, आणि वीज गेली तरी सवयीनं सगळे तेवढ्याच आवाजात बोलत राहत. बाहेरगावचा पाहुणा आला की त्याला वाटे, या घरात कडाक्याचं भांडण जुंपलंय; प्रत्यक्षात माय ताईला एवढंच सांगत असायची की वरणात मीठ टाकायचं राहिलंय. वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या आसेगावच्या आजूबाजूच्या वस्त्यांमधून बाया डोक्यावर डबे घेऊन यायच्या आणि दळण होईपर्यंत ओट्यावर बसून मुलखाच्या बातम्या सांगायच्या. ज्वारीचं गरम पीठ डब्यात पडताना एक गोडसर वास सुटतो. तो वास आजही कुठे आला तर मला आधी भूक लागते आणि मग माय आठवते. हा क्रम तिला सांगितला असता तर तिला आवडलाच असता.

ज्या हिवाळ्याबद्दल सांगतेय, त्या हिवाळ्यात आमच्या बैठकीच्या खोलीत बैठक नव्हती, सोयाबीन होतं. दिवाळीच्या सुमारास भाव पडला आणि बाबा हट्टाला पेटले. "माहं सोयाबीन काही सडून नाई राह्यलं," म्हणत त्यांनी सगळे कट्टे, म्हणजे भरलेली पोती, खोलीत थप्पी लावून रचले, पार वरच्या टिनाला टेकेपर्यंत. समोरची एक रांग बसण्यापुरती ठेंगणी ठेवली. तिच्यावर सतरंजी टाकली की झाला सोफा. टीव्ही कट्ट्यांवर, येणारा-जाणारा कट्ट्यांवर, आणि बारावीचा अभ्यास करणारी मी सगळ्यात वरच्या कट्ट्यावर. उंदरांनी कुरतडलेल्या भोकांतून दाणे सतत खाली ओघळायचे आणि फरशीवर पाय घसरायचा. माय दिवसातून चारदा झाडायची आणि चारदा विचारायची, "हे घर हाय का गोडाऊन हाय?" बाबा म्हणायचे, "गोडाऊनाले भाडं लागते. तू फुकट राहून राह्यली, हे पाय ना."

त्याच कट्ट्यांवर माझ्या ताईचं साक्षगंध झालं. पुण्याकडे ज्याला साखरपुडा म्हणतात त्याला आमच्याकडे साक्षगंध म्हणतात. ताईचं नाव शीतल. बी.एस्सी. होऊन ती घरीच वस्तीवरच्या पोरांना गणित शिकवायची, आणि गणित शिकवणाऱ्या माणसाला असतो तसा तिचा स्वभाव होता: चुकलं की खोडायचं आणि पुन्हा मांडायचं. मुलगा वाशीमचा, निखिल. त्याच्या वडिलांचं कृषी केंद्र होतं, बी-बियाणं आणि खताचं. आमचं खत तिथूनच यायचं, सोयरीकही तिथेच बोलता बोलता जमली. निखिल युक्रेनमध्ये डॉक्टरी शिकत होता, शेवटच्या वर्षाला, आणि सुट्टीत घरी आला होता. हा देश कुठे आहे ते आमच्या वस्तीवर कोणालाच ठाऊक नव्हतं. शेजारचे सुदामकाका एस.टी.चे ड्रायव्हर होते, निवृत्त झालेले. नोकरीत त्यांनी अर्धा महाराष्ट्र पाहिला होता म्हणून उरलेल्या जगाची जबाबदारीही त्यांच्यावरच होती. त्यांनी जावयाची परीक्षा घेतली. "तिथं पिकते काय?" निखिल म्हणाला, "गहू होते, मका होते, अन सूर्यफूल तं काका, नजर जाईन तिथवर." काका खूश झाले. पिकणारा देश म्हणजे चांगला देश.

ओटी भरली, कुंकू लागलं, आणि निखिल उठायला गेला तर त्याच्याखालचा कट्टा उसवला. सोयाबीन भसाभस बाहेर आलं आणि आमचे होणारे डॉक्टर जावई दाण्यांवरून घसरत थेट मायच्या पायाशी येऊन बसले. नवरीच्या डोक्यावर पदर, आणि त्या पदराखालून ताई खो खो हसली. बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या, कारण नवरीनं असं हसायचं नसतं. मग निखिलही खालीच बसून हसायला लागला. आज मी दुसऱ्यांच्या पोरींची लग्नं जमवून देते, पत्रिका बघते, घरं बघते. पण खरं सांगायचं तर दोघं एकाच गोष्टीला हसतात का, एवढंच मी बघते. पुढे पंगत बसली. पुऱ्या, आलू-वांग्याची भाजी, कढी, बुंदी, आणि मायच्या हातचे सरगुंडे, काडीवर वळलेल्या गव्हाच्या शेवया, गुळाच्या दुधात. निखिलच्या आईनं सरगुंडे दोनदा मागून घेतले. बारीक चणीची, हळू बोलणारी बाई. आमच्या घरात तिचं बोलणं कोणाला ऐकूच येईना.

निखिल परत गेला आणि रोजचे फोन सुरू झाले. घरात एकांत मिळायचा नाही, म्हणून ताई चक्कीच्या मागे जाऊन बोलायची. तिथे कोणाला ऐकू जाणार नाही असा तिचा हिशेब. पण चक्कीपुढे स्वतःचं बोलणं पोचवायला तिला ओरडावं लागायचं, आणि मग सबंध गल्लीला कळायचं की जावई आज काय जेवले आणि तिथे बर्फ किती पडला. गल्लीतल्याच द्वारकाकाकू रोज दळण नसलं तरी ओट्यावर येऊन बसायच्या. "माह्या घरी टीव्ही हाय," त्या म्हणायच्या, "पन अशी मालिका नाई लागत." ताई लाजायची, पण फोन काही सोडायची नाही. इतकी सुखी मी तिला त्याआधी पाहिली नव्हती.

मग एका सकाळी टीव्हीवर रणगाडे दिसले. रशियानं युक्रेनमध्ये सैन्य घुसवलं होतं. माय पिठाच्या हातांनीच आत आली, ताई भाकरी थापता थापता उठून आली, बाबा ओट्यावरून आत आले, आणि आम्ही सगळे कट्ट्यांवर बसून, ज्या देशाचं नाव दोन महिन्यांपूर्वी आम्हाला म्हणता येत नव्हतं, त्याच्या गावांची नावं ऐकू लागलो. निखिलचा फोन लागला. वसतिगृह सोडून तो आधीच एका बाईच्या घरी भाड्यानं राहत होता. आता त्या घराच्या तळघरात सगळे जमले होते. "मी चांगला हाय," तो म्हणाला. ताईनं विचारलं, "जेवलात का?" त्यानंतरचे सगळे दिवस ती हेच विचारत होती. दुसरं विचारण्यासारखं काही सुचतच नव्हतं, आणि ते बरोबरही होतं.

चक्कीच्या ओट्यावर मात्र लोकांना सगळं सुचत होतं. वस्तीचे दोन तट पडले. रशिया आपला जुना दोस्त, त्याचं काही चुकायचं नाही, असं म्हणणारे एका बाजूला. दुसऱ्याच्या घरात शिरला म्हणजे चुकलंच, असं म्हणणारे दुसऱ्या बाजूला. सुदामकाका आधी पहिल्या तटात होते, पण आपला जावई ज्या गावात आहे त्याच गावावर बॉम्ब पडतोय हे लक्षात आल्यावर त्यांनी संध्याकाळपर्यंत तट बदलला. मग निर्बंधांची बातमी आली. हा शब्द करोनापासून आमच्या बायांच्या चांगलाच ओळखीचा होता. द्वारकाकाकूंनी विचारलं, "मंग रशियाचे दुकानं चार वाजता बंद होतीन का?" काकांनी कपाळावर हात मारला. "तसे निर्बंध नाई वो! वाळीत टाकलं त्याले. कोनी त्याच्यासंगं देनं-घेनं नाई कराचं, त्याच्या बँकीसंगं नाई कराचं, जहाजासंगं नाई." माय चक्कीत ज्वारी ओतत होती. ती म्हणाली, "म्हंजे त्याचं दळन कोनी दळाचं नाई." एवढ्या एका वाक्यात सगळ्या ओट्याला निर्बंध कळले.

पण माय तिथे थांबली नाही. आमच्याकडे पूर्वी एका घराला गावानं वाळीत टाकलं होतं, पोरीनं मनानं लग्न केलं म्हणून. त्यांचं पाणी बंद, बोलणं बंद. मायनं मात्र त्यांचं दळण कधी परत पाठवलं नाही आणि त्यावरून बरीच बोलणी खाल्ली. ती म्हणाली, "वाळीत टाकलं ना, तं ज्यानं केलं तो भाकर खातेच. उपाशी राहातात थे लेकरं." काका म्हणाले, "मंग काय मोकळा सोडाचा त्याले? लोकाच्या घरात शिरला ना तो! आपला निखिल तळघरात बसला हाय, वहिनी." मायनं पीठ चिमटीत घेऊन पाहिलं. मग म्हणाली, "थे मले नाई समजत." मी पुढे शिकले-सवरले, मोठमोठ्या माणसांची या विषयावरची भाषणं ऐकली. त्यांच्यातल्या एकानंही असं कबूल केलेलं मी ऐकलं नाही.

निखिल अडकलेला असताना वस्तीनं जी माया केली ती मी विसरणार नाही. खाण्याचं तेल एकाएकी महागलं होतं. सूर्यफुलाच्या तेलाची जहाजं तिकडेच अडकली होती म्हणे. बाया भाजीत तेलाचं बोट फिरवत होत्या, पण शनिवारी मारुतीला तेल वाहायला मात्र वाटी भरून आणत होत्या, आमच्या जावयाच्या नावानं. ज्या बाईला आम्ही ओळखतही नव्हतो ती डबा दळायला ठेवून आधी विचारायची, "आला का वो पोरगा?" आणि एक दिवस आला. चालत, गर्दीत उभं राहून, सीमा ओलांडून, सरकारच्या विमानानं दिल्लीला, तिथून घरी. वाशीमहून फोन आला तेव्हा चक्की सुरू होती. ताईनं फोन कानाला लावला आणि ती पिठाच्या पोत्यावर बसून राहिली. मायनं चक्की बंद केली. मग ताईनं विचारलं, "जेवलात का?"

याच दिवसांत दुसरी एक गोष्ट चालू होती, तिच्याबद्दल बोलायला आम्हाला थोडी लाज वाटायची. सोयाबीन चढलं होतं. तिकडचं तेल येईना, म्हणून इकडच्या दाण्याला भाव आला. रोज नवा भाव, रोज वरचा. बाबांसारखेच हट्टाला पेटलेले वस्तीवर बरेच जण होते, सगळ्यांची घरं कट्ट्यांनी भरलेली. लोक मंगरूळच्या धान्य मार्केटातून तोंडभर हसू घेऊन परत यायचे आणि आमच्या ओट्यापाशी आले की ते हसू गिळायचे. बाबांनी मात्र एक कट्टा हलवला नाही. "जवाई तळघरात अन मी इथं काटा करून माल विकू?" म्हणाले. जावई घरी आल्यावरही त्यांचा हात उचलेना.

आणि मग द्वारकाकाकूंनी शोध लावला. "पहा बरं," त्या ओट्यावरून ओरडल्या, "शीतलचं साक्षगंध झालं कवा? अन भाव चढाले लागला कवा? ह्या पोरीचा पायगुन हाय हा!" आमच्याकडे नवी सून, नवी गाय, नवं मूल, कशाच्याही येण्याबरोबर जे बरं-वाईट होईल ते त्याच्या पायाच्या खात्यावर टाकतात. म्हटलं तर गंमत, म्हटलं तर श्रद्धा. आठ-पंधरा दिवसांत गंमत मागे पडली. मार्केटला निघालेली ट्रॉली आधी आमच्या दारात येऊ लागली. "शीतल, जराशीक ये व माय. कुकू लाव ट्रॉलीले, अन पाय टेकव कट्ट्यावर." पहिल्यांदा ताई हसत गेली. दुसऱ्यांदा नुसती गेली. मग ट्रॅक्टरचा आवाज आला की ती मागच्या खोलीत जाऊन पोरांना मोठमोठ्यानं पाढे म्हणायला लावू लागली. मायला विचारलं तर माय म्हणाली, "हौस होऊ दे लोकाची. कुकवानं काय बिघडते?" काय बिघडतं ते आम्हाला लवकरच कळलं.

वाशीमहून निरोप आला की घरची मंडळी भेटायला येताहेत. तिकडची परिस्थिती बिकट होती. डॉक्टरकी अर्ध्यात लटकलेली. कॉलेज कधी उघडेल, उघडेल तर कुठे, कोणाला ठाऊक नाही. त्यात रशियाशी देणंघेणं अडलं तसं काही खत तिकडून यायचं थांबलं. दुकानात पोटॅश नाही, पेरणीच्या आधी खताची जुळवाजुळव करणारे शेतकरी दारात उभे राहून निखिलच्या वडिलांना नाही नाही ते बोलून जात. हे आम्हाला माहीत होतं, म्हणून आम्हाला वाटलं, लग्न वर्षभर पुढे ढकलू असं सांगायला येत असतील. मायनं पाटवड्यांची आमटी केली, भाकरी केल्या, हिरव्या मिरचीचा ठेचा केला. ताईनं तीच साडी नेसली, साक्षगंधाची. तो परतल्यावर ती त्याला पहिल्यांदाच पाहणार होती.

तो फार वाळला होता. कट्ट्यांवर बसला तेव्हा कोणाला हसू आलं नाही. वडिलांनी थोडं हवापाण्याचं काढलं, मग म्हणाले, "आता असं हाय इवाईबुवा, काळ कठीण हाय, तं वर्षभर थांबावं…" बाबा घाईघाईनं म्हणाले, "थांबू ना! पोरगं घरी आलं, यातच सारं आलं." तेव्हा निखिलची आई बोलली. समोरच्या चहाला ती शिवली नव्हती. "थांबाचं नाई. मोकळं कराचं," ती म्हणाली. "साक्षगंध झालं अन दोन महिन्यात माहं पोरगं मरनाच्या दारात. दुकान बसलं. शिक्शन गेलं. मी कोनाले वाईट नाई म्हनत इवाईबुवा, पोरगी गुनाची हाय. पन पायगुन आपल्या हातात नसते." शेडमध्ये मायनं चक्की बंद केली होती. आमच्या घरात इतक्या हळू आवाजात बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि प्रत्येक शब्द ऐकू आला. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ज्या बाबांनी व्यापाऱ्यापुढे कधी मान खाली घातली नाही, ते फरशीवरचे दाणे बघत बसले.

आणि नेमका तेव्हाच दारात ट्रॅक्टर येऊन थांबला. सुदामकाकांना घरात काय चाललंय याची कल्पना असायचं कारण नव्हतं. त्यांनी बाहेरूनच आवाज दिला, "शीतल! ट्रॉली भरली व माय, कुकू घेऊन ये!" आणि आत येऊन पाहुणे बघितल्यावर तर त्यांना आनंदाचं भरतं आलं. "रामराम, रामराम! इहीनबाई, तुमी नशीबवान बरं! आमच्या पोरीचा पायगुन पाहाले हवा तुमी. साऱ्या गावाचं सोयाबीन सोन्याचं केलं हिनं. हिनं पाय लावल्याबिगर ट्रॉली नाई हालत इथून." त्यांनी मग कोणाकोणाचं सोयाबीन कसं गेलं ते सविस्तर सांगितलं. निखिलच्या वडिलांनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. मग ती चाचरत म्हणाली, "असं हाय का… मंग तसा पाह्यला तं पोरीचा पायगुन…"

"काकू," ताई म्हणाली. ती दारातून पुढे आली होती. "तुमी आल्या तवा माह्या पायानं युद्ध लागलं होतं. चहा थंडा होयेपर्यंत त्याच पायानं भाव चढला. उद्या भाव पडला का मले परत आनून सोडान का तुमी?" तिनं पदर कमरेला खोचला. "मीच मोकळं करतो तुमाले. मले पायाचं लग्न नाई कराचं." मग काकांकडे वळून म्हणाली, "काका, तुमची ट्रॉली तुमच्या पायानं न्या." मी कट्ट्यांवरून खाली उतरले होते. मला ठाऊक होतं, आयुष्यात ताईला इतकं हवंसं दुसरं काही नव्हतं, आणि ते ती स्वतःच्या हातानं खोडत होती.

निखिल आईकडे वळला. तो आईला म्हणाला, "आई, तळघरात आमची घरमालकीन होती, म्हातारी. तिची नवी सून होती संगं, लग्नाले दोन महिने नाई झाले. नवरा लढाईवर गेलता. दिवसचे दिवस दोघी हात धरून बसत. वरचं घर पडलं तवा मी तिथंच होतो. मले वाटलं, आता म्हातारी सुनेले बोलन. थे म्हने, बरं झालं ही आली, नाईतं मी एकटी असती." मग सुदामकाकांना म्हणाला, रागानं नाही, नुसतं सांगितल्यासारखं, "त्याईच्या वावरात यंदा सूर्यफूल नाई पेरलं काका. म्हून तुमच्या ट्रॉलीले भाव." काका दारातल्या दारात खाली बसले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

निखिलच्या आईनं पदर तोंडाला लावला. "मंग मी बोलू कोनाले?" ती म्हणाली. "तू तिकडं, फोन नाई लागे. इकडं लोक दारात येऊन शिव्या देत. मी रशियाले बोलू का? त्याले माहं ऐकू जाते का? ही जवळ होती, म्हून हिले बोलली मी." परक्या घरात, व्याह्यांपुढे, तिला मोठ्यानं रडताही येईना. हुंदका दाबून दाबून तिचं तोंड लाल झालं. तेव्हा माय उठली, तिच्याजवळ गेली आणि म्हणाली, "इकडं या, इहीनबाई. मी चक्की लावतो. रडा तुमी. कोनाले नाई ऐकू येत." तिला हाताला धरून शेडमध्ये नेलं, कोपऱ्यात पोत्यावर बसवलं, द्वारकाकाकूंचा डबा चक्कीत ओतला आणि बटण दाबलं. चक्की धडधडू लागली. आम्ही आत बसलो होतो. काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. बाबांनी हातानंच निखिलच्या वडिलांना चहा प्या म्हणून खुणावलं, आणि त्यांनी तो गार चहा पिऊन टाकला.

त्या दुपारची खरी किंमत मला पुढे कळली. माझ्या वाट्यालाही असे दिवस आले, आणि दर वेळी मला वाटलं, कोणीतरी आता चक्की लावावी. बऱ्याच वेळानं निखिलची आई शेडमधून आली तेव्हा तिच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या आणि चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. ती सरळ पंगतीला बसली आणि दोन भाकरी खाल्ल्या. ठेचा तिखट आहे म्हणाली. जाताना ताईपाशी थांबली, पदर सावरला आणि बाहेर पडली. ताई कपबश्या उचलत राहिली. खोडलेलं होतं ते खोडलेलंच होतं.

सुदामकाकांनी ट्रॉली दुसऱ्या दिवशी बिनकुंकवाची नेली. भाव तोच मिळाला, आणि त्यामुळे ते जरासे नाराजच झाले. ताईपुढे मग पुन्हा कोणी ट्रॉली आणली नाही. बाबांनी सगळ्यात शेवटी, भाव बराच खाली आल्यावर सोयाबीन विकलं. लोक त्यांना येडा म्हणाले. खोली रिकामी झाली तेव्हा आमचेच आवाज भिंतींवर आपटून परत येऊ लागले, आणि मायला म्हणे करमेना. निखिल वडिलांच्या दुकानात बसू लागला होता. एक दिवस तो मोटारसायकलवर एकटाच आला, वस्तीवरच्या म्हाताऱ्यांचे रक्तदाब मोजून दिले, द्वारकाकाकूंना मीठ कमी खा म्हणून सांगितलं, आणि मग ताईला विचारलं, पुन्हा मांडायचं का. दोघं चक्कीच्या मागे बरंच बोलली. चक्की बंद होती, म्हणून या वेळी कोणाला काही कळलं नाही. बाहेर आली तेव्हा ताई हसत होती. डॉक्टरकी त्यानं पुढे दुसऱ्या देशात जाऊन पुरी केली. मधल्या काळात खतही विकलं आणि त्याची लाज बाळगली नाही.

लग्न आमच्याकडे झालं आणि आम्ही नवरीला घेऊन वाशीमला पोचलो तेव्हा भर दुपार होती. मी पाठराखीण म्हणून ताईच्या मागे उभी होते. त्यांचा सगळा गोतावळा दारात जमला होता आणि सगळ्यांचे डोळे खाली, उंबऱ्याकडे. कारण नवी सून उंबऱ्यावरचं तांदळाचं माप उजव्या पायानं लवंडून आत येते, आणि तो पाय कसा पडतो, तांदूळ किती दूर जातात, यावर बायांची पुढची चार वर्षं निघतात. पण उंबऱ्यावर माप नव्हतंच. एका म्हाताऱ्या आत्यानं विचारलं, "माप कुठं हाय वो? ठेवाचं राह्यलं का?" निखिलची आई दारात ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. "राह्यलं नाई," ती म्हणाली, "मी ठेवलं नाई." आत्या म्हणाली, "अवो, मंग लक्षुमी कशी येईन घरात?" निखिलच्या आईनं ताईच्या पायांकडे पाहिलंच नाही. ती तिच्या तोंडाकडे पाहत होती. "लक्षुमी नाई बोलावली मी," ती म्हणाली. "शीतल बोलावली. ये व माय, उन्हात उभी नको राहू."

ताईनं चपला काढल्या आणि आत गेली.